ओले लाकूड आणि उद्याची बॅटरी

यज्ञ यथासांग केला आणि तरीही फळ मिळाले नाही, तर खोटे कोण ठरते? हा प्रश्न नास्तिकांनी बाहेरून फेकलेला दगड नाही. न्यायसूत्रांनी तो पूर्वपक्ष म्हणून स्वतःच मांडला आहे. पुत्रकामेष्टी केली, मूल झाले नाही, म्हणजे ती सांगणारे वेदवाक्य असत्य, असा तो आक्षेप. सूत्रकारांचे उत्तर असे की वाक्य खोटे नव्हे. कर्मात, कर्त्यात किंवा साधनात काही वैगुण्य राहिले असणार. ऐकताक्षणी ही पळवाट वाटते. पण भाष्यकार वात्स्यायनाने तिला जोडलेला लौकिक दाखला वाचला की थोडे थांबावे लागते. अग्नी हवा असेल त्याने लाकडावर लाकूड घुसळावे, हे विधान खरेच आहे. तरीही अनेकदा अग्नी निघत नाही, कारण घुसळण्याची रीत चुकते, घुसळणाऱ्याची समज किंवा मेहनत अपुरी पडते, किंवा लाकूडच ओले आणि पोकळ असते. एकदा अपयश आले म्हणून विधान रद्द होत नाही. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा हा वाद आज पुन्हा उघडण्याजोगा आहे, आणि निमित्तही ऊर्जेच्याच एका वचनाचे आहे. पाच मिनिटांत चार्ज होणारी, आठवडाभर पुरणारी, कधीही पेट न घेणारी बॅटरी लवकरच येणार, हे वचन आपण कित्येक वर्षे ऐकतो आहोत. फळ पुढे सरकत राहते. अशा वेळी शहाण्या माणसाने किती काळ आशा धरावी, आणि कशाच्या आधारावर?

नोएडात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. ९ जुलै २०१८ रोजी तिथल्या सेक्टर ८१मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि दक्षिण कोरियाचे अध्यक्ष मून जे-इन यांनी सॅमसंगच्या विस्तारित कारखान्याचे उद्घाटन केले. जगातला सर्वांत मोठा मोबाइल कारखाना म्हणून त्याची ओळख करून दिली गेली. वर्षाला ६ कोटी ८० लाख फोनांची क्षमता १२ कोटींवर न्यायची होती. लगतच्या ग्रेटर नोएडात विवो आणि ओप्पोचे कारखाने आहेत. या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या फोनांच्या पोटात १९९१ साली सोनीने बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीचे वंशज असतात. त्याच शहरात मेट्रो स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या ई-रिक्षांच्या सीटखाली मात्र बहुधा शिसे-आम्ल बॅटरी असते, म्हणजे फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ साली शोधलेल्या बॅटरीची वंशज. घराघरांतल्या इन्व्हर्टरलाही मुख्यतः तिचाच आधार आहे. एकोणिसावे, विसावे आणि एकविसावे शतक इथे एकाच रस्त्यावर चार्जिंगला लागलेले दिसते. जुने गेलेले नाही, नवे पुरते आलेले नाही, आणि त्याहून नवे येणार असल्याची वार्ता दर महिन्याला येते. सॅमसंगच्याच महागड्या एस अल्ट्रा मालिकेकडे पाहिले तर २०२०च्या गॅलेक्सी एस२० अल्ट्रामध्ये ५००० एमएएचची बॅटरी होती आणि २०२५च्या एस२५ अल्ट्रामध्येही ५००० एमएएचचीच आहे. कॅमेरा, प्रोसेसर, पडदा, सारे बदलले. बॅटरीचा आकडा जागचा हलला नाही. संशयाला एवढे खाद्य पुरेसे आहे. प्रश्न असा की हा संशय आपल्याला नेमके काय सांगतो.

यज्ञाशी तुलना करण्यावर एक आक्षेप लगेच येईल. वेदवाक्याची परीक्षा प्रयोगशाळेत होत नाही आणि रसायनशास्त्राची होते, मग दोन्ही एका तागडीत कशी घालता? आक्षेप वक्त्यांपुरता बरोबर आहे, श्रोत्यांपुरता नाही. नोएडातल्या सेक्टर १८च्या दुकानात फोन घेणाऱ्याजवळ प्रयोगशाळा नसते. बॅटरीच्या आत काय आहे हे तो प्रत्यक्षाने जाणू शकत नाही, अनुमान करायला लागणारी माहितीही त्याच्याकडे नसते. त्याला जे कळते ते दुसऱ्याने सांगितले म्हणून, आणि दुसऱ्याच्या सांगण्यावर कधी विसंबावे याचा न्यायदर्शनाइतका काटेकोर विचार फार थोड्या परंपरांनी केला आहे. ज्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त, असे वात्स्यायन म्हणतो. वर हेही की ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, कसोटी सर्वांना सारखी. म्हणजे अधिकार कुळातून येत नाही, ज्ञान आणि हेतू यांतून येतो. बॅटरी बनवणारी कंपनी पहिली अट पुरी करते. तिच्याइतके त्या बॅटरीबद्दल कोणालाच ठाऊक नसते. दुसरी अट अडखळते, कारण जसे आहे तसे सांगण्याच्या इच्छेत विकण्याची आणि भांडवल उभारण्याची इच्छा मिसळलेली असते. एवढ्यावरून तिचे बोलणे खोटे ठरत नाही. पण ते प्रमाण राहत नाही; तपासून घ्यायचे विधान होते.

तपासायचे कसे, याचे उत्तर वात्स्यायनाच्या दाखल्यातच आहे, आणि माझ्या मते ते त्याने ज्यासाठी दाखला दिला त्याच्या थोडे उलट जाते. लाकूड ओले आहे हे अग्नी न निघण्यावरून ठरवावे लागत नाही. हात लावला की ओल कळते. ते वाळवून पुन्हा घुसळता येते, आणि मग अग्नी निघतो. म्हणजे वैगुण्याची सबब इथे प्रामाणिक आहे, कारण दोष फळाच्या अभावाहून वेगळा, स्वतंत्रपणे जाणता येतो आणि दूर करता येतो. पुत्रकामेष्टीत मात्र यजमानाच्या आचरणात किंवा मंत्रोच्चारात कुठेतरी उणीव राहिली असेल, हे बहुधा मूल न झाल्यावरच सुचते. फळ मिळाले तर विधी खरा, न मिळाले तर कर्ता खोटा, अशी ती दुहेरी सोय आहे. कोणत्याच अनुभवाने तिला धक्का बसत नाही. अपयशाचे कारण अपयशाखेरीज दुसऱ्या कशाने कळते का? न पुरलेल्या प्रत्येक वचनाला विचारण्याचा प्रश्न हाच. उत्तर होकारार्थी असेल तर आशेला आधार आहे. नकारार्थी असेल तर ती आशा कितीही आधुनिक भाषेत बोलो, तिची जात पुत्रकामेष्टीचीच.

बॅटरीच्या इतिहासात पहिल्या प्रकारचे अपयश भरपूर आहे, म्हणूनच सरसकट संशय टिकत नाही. १९८९ साली जपानमध्ये मोबाइल फोनांत बसवलेल्या कॅनडाच्या मोली एनर्जी कंपनीच्या बॅटऱ्यांनी पेट घेतला आणि त्या परत घ्याव्या लागल्या. त्यांत शुद्ध लिथियम धातू होता. चार्ज होताना त्यावर सुयांसारखे काटे वाढतात, मधला पडदा भेदतात आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. हे काटे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. त्यांना शोधायला आग लागण्याची वाट पाहावी लागत नाही. दोष कळला तसा मार्गही सापडला. अकिरा योशिनो यांनी १९८५मध्येच धातूऐवजी कार्बन वापरून नमुना केला होता, आणि सोनीने १९९१मध्ये त्याच वाटेने जाऊन बाजार जिंकला. २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल योशिनो, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि ९७ वर्षांचे जॉन गुडइनफ यांना मिळाले ते या लांबलचक दुरुस्तीसाठी. नोएडात ज्या कंपनीचा कारखाना आहे तिचीच २०१६ची गोष्टही याच जातीची. गॅलेक्सी नोट ७ ऑगस्टमध्ये आला, काही फोन पेटले, सप्टेंबरमध्ये परत मागवले गेले, बदलून दिलेलेही पेटले आणि ऑक्टोबरमध्ये उत्पादन बंद झाले. जानेवारी २०१७मध्ये कंपनीने चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला. दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन वेगळे दोष होते: एकीत कोपऱ्याशी विद्युतपट्टी वाकलेली, दुसरीत वेल्डिंगचे टोकदार अवशेष राहिलेले. त्यासाठी सुमारे दोन लाख फोन आणि तीस हजार बॅटऱ्या तपासल्याचे सांगितले गेले. आधी घाईने विकायला काढले हा दोष उरतोच, पण नंतर लाकडाला हात लावून पाहिला गेला, हेही तितकेच खरे.

याहून बोधप्रद आहे तो थॉमस एडिसन. १८८३ साली त्याने पुन्हापुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीची खिल्ली उडवली होती. लोकांना गंडवून शेअर विकण्याचे हे साधन आहे आणि त्यावर काम करणाऱ्याची खोटे बोलण्याची सुप्त शक्ती जागी होते, असा त्याचा सूर होता. वीस वर्षांनी त्यानेच निकेल-लोखंडाची बॅटरी मोटारींसाठी मोठ्या वचनांसह बाजारात आणली. ती गळू लागली, तिची क्षमता घटू लागली, आणि १९०४मध्ये तिचे उत्पादन थांबवावे लागले. त्यानंतर जवळपास पाच वर्षे दोष शोधत राहून १९०९मध्ये त्याने सुधारित बॅटरी आणली, आणि ती खरोखर टिकाऊ निघाली. तोवर १९०८मध्ये फोर्डची मॉडेल टी आली होती आणि विजेच्या मोटारीचा काळ ओसरू लागला होता. एडिसनची बॅटरी रेल्वेत आणि खाणींत कामाला आली. एकाच माणसाच्या चरित्रात संशय, अतिरेकी वचन, अपयश आणि फळ हे सारे आहे. फळ आले ते दोषाला नाव देता आल्यावर, आणि वचन दिले होते त्या जागी न येता दुसऱ्याच जागी आले. आशेचा हिशेब मांडताना या शेवटच्या गोष्टीचा विसर पडू देऊ नये.

दुसऱ्या प्रकारचे अपयश कसे ओळखायचे? तिथे तारीख सरकते, पण कशामुळे सरकली ते सांगितले जात नाही. सॉलिड-स्टेट बॅटरी घ्या. द्रव इलेक्ट्रोलाइटऐवजी घन पदार्थ वापरायचा आणि १९८९मध्ये हद्दपार केलेला लिथियम धातू काटे रोखून परत आणायचा, ही कल्पना निखालस शास्त्रीय आहे. टोयोटाने २०१७च्या सुमारास ती २०२०च्या दशकाच्या आरंभी आणण्याचा मानस सांगितला होता. २०२३मध्ये मुक्काम २०२७-२८वर गेला. डायसनने २०१५मध्ये नऊ कोटी डॉलर मोजून सक्ती३ ही कंपनी घेतली, दोनच वर्षांत तिच्या पेटंटांवरचा हक्क सोडला आणि २०१९मध्ये विजेची मोटारही रद्द केली. यात लबाडी असेलच असे नाही. बॅटरीला एकाच वेळी अनेक गुण लागतात: वजनाच्या मानाने साठा, चार्जिंगचा वेग, आयुष्य, सुरक्षितता, किंमत आणि उष्णता सोसण्याची ताकद. एक वाढवले की दुसरे घटते. प्रयोगशाळेतल्या नाण्याएवढ्या सेलमध्ये एका गुणाचा उच्चांक गाठणे अवघड नसते. बातमी त्या एका आकड्याची होते आणि उरलेले गुण बातमीत येतच नाहीत. त्यात आपली हवा भर घालते. बॅटरीच्या आयुष्याचे आकडे सहसा २५ अंशांच्या आसपासचे असतात. ॲपल आपल्या फोनसाठी ३५ अंशांपर्यंतचे हवामान योग्य मानते, आणि मे-जूनमध्ये नोएडाचा पारा ४५ अंशांकडे जातो. उष्णतेने लिथियम-आयन बॅटरी लवकर म्हातारी होते. दिवसभर उन्हात दुचाकीवर फोन लावून पार्सले पोहोचवणाऱ्याच्या हाती येणारे आयुष्य वेष्टनावर छापलेल्यापेक्षा कमी असते. वचन खोटे नसते; ते दुसऱ्या देशकाळासाठी दिलेले असते, आणि हे सांगितलेले नसते.

इथे आशावादी म्हणेल, हे सारे कुरकुरणे आहे. बॅटरी तर डोळ्यांदेखत सुधारली. त्याचे म्हणणे मान्य केलेच पाहिजे. १९९१ ते २०१८ या काळात लिथियम-आयन सेलची किंमत सुमारे ९७ टक्क्यांनी उतरली, असा एमआयटीच्या संशोधकांचा २०२१मधला निष्कर्ष आहे. सोनीच्या पहिल्या सेलमध्ये किलोमागे ऐंशीच्या आसपास वॉट-तास मावत. आज उत्तम सेलमध्ये अडीचशेहून अधिक मावतात. दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी चार्वाकाला दिलेले उत्तर इथे लागू पडते: शंका तिथवरच धावू शकते जिथे ती शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशी भिडते. धुराला अग्नीच लागतो याबद्दल शंका घेणाराही धूर हवा असला की अग्नीच पेटवतो. खिशात दिवसभर चालणारा फोन बाळगून बॅटरीत काही सुधारत नाही म्हणणारा स्वतःच्याच कृतीने खोडला जातो. पण ही प्रगती कशी झाली ते पाहावे. सिलिकॉन ग्राफाइटच्या जवळपास दसपट लिथियम धरू शकते हे जुने ज्ञान आहे. अडचण अशी की भरताना त्याचे आकारमान तिपटीहून अधिक फुगते आणि त्याचा भुगा होतो. दोषाचे नाव ठाऊक होते, म्हणून त्याला कार्बनच्या सांगाड्यात कोंडण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. २०२३मध्ये ऑनरच्या मॅजिक५ प्रोच्या चिनी आवृत्तीत अशी बॅटरी आली आणि २०२५मध्ये भारतात मध्यम किमतीचे फोन ७००० एमएएचच्या पुढे गेले. ज्या काळात एका मालिकेचा आकडा हलला नाही त्याच काळात दुसऱ्यांचा वाढला. क्रांतीच्या मथळ्यांनी जे दिले नाही ते दोषाच्या दुरुस्तीने दिले. म्हणून आशा ठेवावी ती या संथ परंपरेवर. एखाद्या घोषणेवर ठेवायची असेल तर आधी तिचे वैगुण्य विचारावे.

श्रद्धावानाचा आक्षेप याहून खोल आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयी माणसाला ना हा लोक ना परलोक असा निर्वाळा आहे. विश्वासावाचून कोणते मोठे काम झाले? विल्यम जेम्सने १८९६मध्ये हेच पाश्चात्त्य भाषेत मांडले: काही सत्ये अशी असतात की त्यांवर आधी विश्वास ठेवला तरच ती घडतात. संशोधकापुरते हे मला मान्य आहे. गुडइनफना आपल्या पदार्थावर विश्वास नसता तर पुरावा जमलाच नसता. पण गीतेचा तो अध्याय जिथे संपतो तिथे संशय ज्ञानाच्या तलवारीने छेदायला सांगितला आहे, गिळून टाकायला नाही. आणि न्यायदर्शनाने तर संशयाला आपल्या सोळा पदार्थांत तिसरे स्थान दिले, कारण त्याच्याशिवाय निर्णयाकडे जाणारी वाटच सुरू होत नाही. शिवाय विश्वास कोणाच्या जिवावर ठेवला जातो हे जेम्सच्या मांडणीत पुरेसे येत नाही. ते डब्ल्यू. के. क्लिफर्डने १८७७मध्ये दाखवले होते. त्याचा जहाजमालक जुने जहाज सुखरूप जाईल अशी मनोमन खात्री करून घेतो आणि प्रवाशांना समुद्रात धाडतो. त्याची श्रद्धा अगदी निर्मळ असली तरी तो दोषी, कारण ती बाळगण्याचा अधिकार त्याने तपासणीने मिळवलेला नव्हता. जहाज योगायोगाने पोहोचले असते तरीही. संशोधकाची आशा त्याच्या स्वतःच्या वर्षांची बाजी लावते. विक्रेत्याची आशा दुसऱ्याच्या खिशाची आणि कधी दुसऱ्याच्या घराची. दोघांना एकच शब्द वापरला म्हणून दोघांना एकच सूट मिळू शकत नाही. विक्रेत्याचे कोणते वचन ऐकावे याचे एक उदाहरण: पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३मध्ये पुढे आणले. सोडियम मुबलक आहे, पण जड आहे. वजनाच्या मानाने साठ्यात ते उत्तम लिथियमच्या मागे राहते. म्हणून हलक्या फोनपेक्षा इन्व्हर्टर आणि रिक्षा हीच त्याची स्वाभाविक जागा. असे उणेपणासह सांगता येणारे वचन ऐकून घेण्याजोगे असते.

उद्याच्या आशेची सर्वांत मोठी किंमत मात्र फसवणुकीत नाही. आजचे काम लांबणीवर पडण्यात आहे. नवी बॅटरी येणारच आहे, मग जुनीचे काय करायचे याची चिंता कशाला, असे म्हणणे सोपे जाते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२०च्या अहवालानुसार जगात दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात घातक मानावे इतके शिसे आहे, आणि शिसे-आम्ल बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणे हे त्याचे एक प्रमुख कारण. ई-रिक्षाखालची बॅटरी मेली की ती कुठे जाते, हा प्रश्न सॉलिड-स्टेट सेल आल्याने सुटत नाही. भारताच्या २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत घेऊन तिचे पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७पासून लहान उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी असावी, असा कायदा आहे. या दोन्हींसाठी नवे रसायन लागत नाही. फोनची बॅटरी सहज बदलता आली तर त्याचे आयुष्य आजच्याच तंत्रज्ञानाने वाढते. तेव्हा न्यायदर्शनाची तिहेरी यादी पुरी वाचली पाहिजे. साधनातला दोष रसायनज्ञ शोधत आहेत आणि आजवरचा त्यांचा हिशेब पाहता तो कधी ना कधी दूर होईल, अशी आशा सयुक्तिक आहे. कर्मातला दोष, म्हणजे घाईने विकणे आणि एका आकड्याची जाहिरात करणे, कायद्याने आणि चोखंदळ गिऱ्हाइकाने आवरता येतो. उरतो कर्त्यातला दोष: फेकून देण्याची सवय, आणि उद्याच्या नावावर आज माफ करून घेण्याची वृत्ती. तो कोणत्याही प्रयोगशाळेच्या कक्षेत येत नाही. तो तसाच राहिला तर उद्याची उत्तमातली उत्तम बॅटरीही नोएडात येऊन काही वर्षांत त्याच भंगारात पडेल, आणि तिच्या जागी आपण आणखी पुढच्या बॅटरीची आशा धरून बसू.